काळीज कोणाच्या ताटात?

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर दहा मिनिटे उभे राहिले तर मनुष्यजातीचे दोन वर्ग स्पष्ट दिसून येतात. पहिल्या वर्गातील गृहस्थ पायरीवर पाऊल टाकताच विचारतो, "कलेजी आहे का?" आणि नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरतो. दुसऱ्या वर्गातील गृहस्थ तितक्याच तातडीने बजावतो, "त्यात कलेजी टाकू नका हं!" असली तरी चालेल, नसली तरी चालेल, असे म्हणणारा तिसरा मनुष्य मला आजवर क्वचितच भेटला आहे. दुधीभोपळ्याविषयी लोक उदासीन असू शकतात. काळजाविषयी सहसा कोणी उदासीन नसतो.

प्रस्तुत लेखक अनेक वर्षे या दुसऱ्या वर्गात मोडत असे. त्याचे कारण काळीज नव्हे, तर ते शिजविणारा हात होय, हे मला फार उशिरा उमगले. लहानपणी मी ज्या वसतिगृहात राहत होतो तेथे दर गुरुवारी दुपारच्या जेवणात काळीज असे. ते सकाळी नऊच्या सुमारास मिठाच्या पाण्यात पडे आणि साडेबाराला आमच्या ताटात येई. रंग राखेसारखा, आणि दाताखाली पाटीवरची पेन्सिल चावल्यासारखा रवाळपणा! ताट स्वच्छ केल्यावाचून उठावयाचे नाही, असा नियम होता. मी ते तुकडे हातरुमालात बांधून खिशात घालीत असे व संध्याकाळी मैदानामागे येणाऱ्या एका कुत्र्याला देत असे. हा क्रम जवळजवळ वर्षभर सुरळीत चालला. पुढे कुत्रा अधीर झाला, आणि एका गुरुवारी आम्ही मुले जेवणानंतर रांगेत उभी असता त्याने येऊन सरळ माझ्या खिशालाच तोंड घातले. पुढील प्रसंग वाचकांच्या कल्पनेवर सोपवितो.

नवल असे की, ज्या वस्तूला ताटात पाहून आपण नाक मुरडतो, तिच्यावाचून आपल्या मराठीचे पानही हलत नाही. वैद्यकाच्या दृष्टीने काळीज म्हणजे यकृत. संस्कृतातील 'कालेय' या यकृतवाचक शब्दाशी त्याचे नाते आहे. परंतु मराठी माणसाने हृदयाचे सारे काम या काळजाकडे सोपवून दिले. आईला लेकरू म्हणजे काळजाचा तुकडा. दुःखाने काळीज फाटते, भीतीने काळजाचे पाणी होते, आणि निर्दय मनुष्याला आपण उलट्या काळजाचा म्हणतो. आमच्या बुऱ्हाणपुरात तर मराठी, हिंदी व उर्दू या तिघी एकमेकींच्या ओसरीवर बसतात. येथे एकाचे काळीज हलते, दुसऱ्याचा कलेजा थंड होतो, आणि तिसरा आपल्या जिवलगास जिगरी दोस्त म्हणतो. फारसीतील 'जिगर' म्हणजे तरी दुसरे काय? यकृतच.

युनानी वैद्यकाची परंपरा या शहरात जुनी आहे, व त्या विद्येचे महाविद्यालयही येथे आहे. युनानी हकीम मेंदू, हृदय व यकृत यांना देहाचे प्रमुख अवयव मानतात. रक्त यकृतात तयार होते, ही गॅलेनची शिकवण त्या परंपरेतून शतकानुशतके चालत आली. आधुनिक शास्त्राने ती खोडून काढली. मोठ्या माणसाच्या शरीरात रक्तपेशी हाडांतील मगजात तयार होतात. तथापि आईच्या उदरातील बाळाच्या बाबतीत मात्र काही महिने हे काम यकृतच करीत असते. त्यामुळे जुन्या लोकांना सर्वस्वी चूक ठरविण्याचे धाडस मी तरी करणार नाही.

पवित्र शास्त्रातही यकृत येते ते दोन अगदी भिन्न प्रसंगी. यहेज्केलच्या २१व्या अध्यायात बाबेलचा राजा दोन वाटांच्या फाट्यावर उभा राहून यकृत पाहून शकुन घेतो. त्या देशी यकृताच्या मातीच्या प्रतिकृती करून शकुनविद्या शिकवीत असत, व तशा प्रतिकृती उत्खननात सापडल्या आहेत. टोबितच्या ग्रंथातील कथा तर आपल्या वाचकांस ठाऊकच आहे: तरुण टोबिया तैग्रीस नदीत धरलेल्या माशाचे हृदय व यकृत निखाऱ्यावर जाळून भुताला पळवून लावतो आणि त्याच माशाच्या पित्ताने वृद्ध पित्याचे डोळे उघडतात. यकृत व दृष्टी यांची सांगड आपल्या देशातही फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात रातांधळेपणावर बोकडाचे यकृत पिंपळीसह अग्नीवर शिजवून देण्यास सांगितले आहे. त्या काळी 'अ' जीवनसत्त्वाचे नावही कोणास ठाऊक नव्हते. परंतु संध्याकाळी चाचपडणारा मनुष्य काळीज खाऊन बरा होतो, एवढे कोणीतरी डोळसपणे पाहिले होते.

असो. माझे मतपरिवर्तन झाले ते ग्रंथांमुळे नव्हे, शेजारामुळे झाले. येथे आल्यानंतरच्या पहिल्याच बकरी ईदेला शेजारच्या घरातून झाकलेली बशी आली. कुर्बानी झाली म्हणजे मुसलमान घरांतून पुष्कळ ठिकाणी प्रथम कलेजी चुलीवर चढते, कारण बाकीच्या मांसाला शिजण्यास तास-दीड तास लागतो व घरातील माणसे तर सकाळपासून न जेवता थांबलेली असतात. मी झाकण काढले, पदार्थ ओळखला, आणि वसतिगृहातील गुरुवार माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. पण बशी घेऊन आलेला नातू दारातच उभा होता. आजीने त्याला 'कैसी लगी' ते विचारून येण्यास सांगितले होते. नाइलाजाने एक तुकडा तोंडात घातला. तो लोण्यासारखा मऊ होता! मी सबंध बशी संपविली आणि रिकाम्या बशीत केळी घालून ती परत नेण्याच्या निमित्ताने स्वतःच शेजारी गेलो. त्या वृद्ध बाईंना सारा मोहल्ला खाला म्हणतो, म्हणून मीही खालाच म्हणतो. मी कृती विचारली तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "फादर साहब, कलेजी बड़ी नखरेवाली है. देर की तो रूठ जाती है. और नमक आख़िर में."

या दोन वाक्यांत सर्व शास्त्र आले आहे. मटणाच्या इतर भागांत चिवट तंतू पुष्कळ असतात. ते विरघळण्यासाठी मांस दीर्घकाळ शिजवावे लागते. काळजात असे तंतू फारच थोडे. ते मुळातच मऊ असते. त्याला जास्त वेळ आच दिली की त्यातील पाणी निघून जाते, आणि उरतो तो आमचा वसतिगृहाचा खडू. मीठ अगोदर घातले तर तेही पाणी ओढून घेते. काळजावर एक पातळ पापुद्रा असतो, तो नखाने सोडवून काढावा. न काढल्यास तव्यावर तो आकसतो व तुकडे वाकडे होतात. आतील जाड नळ्या सुरीने काढून टाकाव्या. पित्ताची पिशवी खाटीक काढूनच देतो, तरी एखाद्या कडेला हिरवट डाग दिसला तर तेवढा भाग कापून टाकावा, नाहीतर सगळे कालवण कडू होईल. वासाची ज्यांना शिसारी आहे त्यांनी तुकडे अर्धा तास दुधात, किंवा लिंबू पिळलेल्या पाण्यात ठेवून मग निथळून घ्यावेत.

खालांची रीत अशी: बोटाच्या पेरापेक्षा किंचित मोठे तुकडे, त्यांना आले-लसूण, हळद व मिरची लावून ठेवणे, पसरट कढईत तेल चांगले तापल्यावर कांदा परतून त्यात ते टाकणे, मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटे हलविणे, मग झाकण ठेवून आणखी थोडा वेळ, आणि शेवटी मीठ, चुरडलेली कसुरी मेथी व लिंबू. तुकडा मोडून पाहावा: आत लाल रक्त दिसू नये, पण पांढरट कोरडेपणाही येऊ नये. त्या मधल्या क्षणी कढई खाली उतरविता आली पाहिजे. तेवढा वेळ स्वयंपाकघर सोडून दारात कोणाशी बोलत उभे राहू नये, हा माझा स्वतःचा अनुभव.

आमच्या खान्देशाकडच्या घरांतून काळजाचा रस्सा करतात. सुके खोबरे व कांदा निखाऱ्यावर काळपट भाजून, लसूण-कोथिंबिरीसह पाट्यावर वाटून, तेलात तो मसाला तर्री सुटेपर्यंत परतावयाचा; रस्सा उकळला की मगच काळजाचे तुकडे सोडावयाचे. सोबत कळण्याची भाकरी असली की दुसरे काही लागत नाही. गावाकडे बोकड पडला म्हणजे काळजाचा एखादा तुकडा चुलीतल्या निखाऱ्यावर भाजून, मीठ लावून भोवती घुटमळणाऱ्या मुलांच्या हातावर ठेवतात. कित्येक मोठ्या माणसांची काळजाशी पहिली मैत्री अशा चुलीपाशीच झालेली असते. गोव्यात डुकराचे काळीज सोरपोतेलात जाते. मांस व काळीज प्रथम उकडून, अगदी बारीक चौकोनी तुकडे करून, तळून, व्हिनेगरच्या मसाल्यात मुरविल्यावर ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक रुचकर लागते. नाताळात सोरपोतेल मिटक्या मारीत खाणारे, आणि एरवी 'मी काळजाला शिवत नाही' म्हणणारे पुष्कळ सज्जन माझ्या परिचयाचे आहेत. त्यांना मी अद्याप सत्य सांगितलेले नाही.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावयास बसलो तो सांगतो. दोन वर्षांपूर्वी कुटुंबभेटींच्या निमित्ताने मी धर्मग्रामातील एका घरी गेलो होतो. कुटुंब मूळचे नगर जिल्ह्याकडील. घरातील कर्ता मुलगा यंत्रमागावर काम करतो. घरी वृद्ध आई, मुलगा, सून व तीन मुले. रविवार होता; जेवण्याचा आग्रह झाला. पाव किलो काळीज आणले होते, आणि खरोखर उत्तम झाले होते. मी तोवर पहिल्या वर्गात दाखल झालेलो होतो, तेव्हा अनमान न करता खाल्ले. आजींनी पुन्हा वाढले, तेही खाल्ले. उरलेले मुलाच्या व दोन नातवांच्या ताटात पडले. सून वाढीत होती. सर्वांचे झाल्यावर ती व तिची मुलगी जेवावयास बसल्या तेव्हा पातेल्यात रस्सा होता. हे मी पाहिले. पाहिले, आणि मला त्यात काहीही वावगे वाटले नाही.

पंधरवड्याने तीच सून पाणी भरताना घेरी येऊन पडली. धाकटे मूल दीड वर्षाचे, अजून अंगावर पिणारे. दवाखान्यात रक्त तपासले. जेथे हिमोग्लोबिन निदान १२ असावयाचे तेथे ते ७ निघाले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि खाण्यात काय काय असावे ते सांगितले. त्या यादीत पालेभाजी, गूळ, कडधान्ये, अंडी होती, आणि काळीज होते. आजींनी ती यादी मला दाखविली तेव्हा माझ्या घशाखाली पंधरा दिवसांपूर्वी उतरलेला तो दुसरा वाढा मला आठवला.

ही एका घराची गोष्ट नव्हे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने पीडित आढळल्या. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. स्त्रीच्या शरीरातून दर महिन्याला रक्त जाते, बाळंतपणात जाते, हे एक कारण खरेच. पण पंगतीचा क्रम हेही एक कारण आहे. 'तो राबतो, त्याला ताकद हवी' असे म्हणून चांगला वाटा पुरुषाला, मग मुलग्यांना, पाहुण्याला. आणि पाहुणा धर्मगुरू असला म्हणजे तर पाहावयासच नको.

रक्तक्षयावर औषध म्हणून काळजाचा आधुनिक विचार कुत्र्यांवरून सुरू झाला, हे कळल्यावर मला आमच्या वसतिगृहाच्या कुत्र्याविषयी नव्याने आदर वाटू लागला. जॉर्ज व्हिपल या अमेरिकन शास्त्रज्ञाने रक्त काढून अशक्त केलेल्या कुत्र्यांना निरनिराळे अन्न घालून पाहिले. काळीज खाणाऱ्या कुत्र्यांचे रक्त सर्वांत लवकर भरून आले. त्यावरून बोस्टनच्या जॉर्ज मायनॉट व विल्यम मर्फी यांनी, त्या काळी हमखास प्राणघातक समजल्या जाणाऱ्या एका रक्तक्षयाच्या रोग्यांना रोज भरपूर काळीज खावयास घातले, आणि मरणपंथाला लागलेली माणसे उठून बसली. त्यांचा निबंध १९२६ साली प्रसिद्ध झाला. १९३४ साली तिघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. काळजातील ते गुणकारी द्रव्य म्हणजे 'बी-१२' जीवनसत्त्व, हे १९४८ साली ते वेगळे काढता आल्यावर समजले.

याहून आपल्या जवळची कथा ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर बाईंची आहे. १९२८ साली त्या मुंबईस आल्या. तेथील गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रिया गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत व त्यांतील कित्येक दगावत. त्या काय खातात, याचा बाईंनी कसून तपास केला. काळजाच्या अर्काने या स्त्रिया सुधारत हे त्यांना दिसले. पण काळीज महाग, आणि अनेकींना वर्ज्य. पुढे त्यांना आढळले की यीस्टपासून बनविलेला, पावाला लावून खाण्याचा, मार्माइट नावाचा काळा खारट अर्क दिला तरी तोच गुण येतो. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी द्रव्य १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले, आणि पानाला लॅटिनमध्ये फोलियम म्हणतात म्हणून त्याचे नाव फोलिक आम्ल पडले. आज सरकारी दवाखान्यातून गरोदर बायांना लोहाबरोबर ज्या फोलिक आम्लाच्या गोळ्या मिळतात, त्यांच्या पाठीमागे मुंबईच्या त्या गिरणीकामगार स्त्रिया उभ्या आहेत. आमचे बुऱ्हाणपूरही मागांचे गाव आहे. म्हणून ही कथा मी येथे वारंवार सांगतो. ज्यांना काळीज वर्ज्य आहे, किंवा सहनच होत नाही, त्यांनी हिरमुसले होऊ नये. पालेभाजीत फोलिक आम्ल आहे, कडधान्यांत लोह आहे व त्यावर लिंबू पिळल्यास ते अंगी लागण्यास मदत होते. 'बी-१२' मात्र पाल्यात मिळत नाही. त्यासाठी दूध-दही, अंडी किंवा डॉक्टरांचे औषध यांचा आधार घ्यावा लागतो.

आकड्यांची आवड असणाऱ्यांसाठी सांगतो: शंभर ग्रॅम कच्च्या काळजात लोह मेंढीच्या सुमारे ७ मिलिग्रॅम, कोंबडीच्या सुमारे ९, आणि डुकराच्या २० हून अधिक असते. बोकडाला काळीज एकच. ते ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी बाजूला ठेवलेले असते. कोंबडीची पोटा-कलेजी मात्र सहज मिळते आणि स्वस्तही पडते. गरिबाच्या घरी तिचाच विचार आधी करावा.

पण काळजाची पूजा करू नये. त्यात 'अ' जीवनसत्त्व इतके असते की थोडक्याने कित्येक दिवसांचे भागावे. ध्रुवप्रदेशात अडकलेले डच खलाशी १५९७ साली पांढऱ्या अस्वलाचे यकृत खाऊन भयंकर आजारी पडले होते, त्याचे कारण हेच. बोकडाच्या काळजाने तसे काही होत नाही, तरी आठवड्यातून एकदा, तेही थोडे, एवढे पुरे. गरोदर स्त्रीने मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून ते खाऊ नये. 'अ' जीवनसत्त्वाचा अतिरेक पोटातील बाळाला अपायकारक असतो, हे आता कळले आहे. ल्यूसी विल्सबाईंच्या काळी ते कळलेले नव्हते. सांधेदुखीतील यूरिक आम्लाचा ज्यांना त्रास आहे त्यांनीही दूरच राहावे. आणि ज्या काळजावर पांढरे ठिपके किंवा पाण्याने भरलेले फोड दिसतील ते फुकट मिळाले तरी घरी आणू नये.

गेल्या पावसाळ्यात त्याच घरी पुन्हा जाणे झाले. गोळ्यांनी बहुतेक काम केले होते. सुनेच्या चेहऱ्यावर रंग आला होता. रविवारच होता, आणि काळीज आणलेले होते. मी आजींना म्हणालो, "आजी, आज सूनबाई आमच्याबरोबर बसतील, आणि पहिला वाढा त्यांना." आजी क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या, मग काही न बोलता त्यांनी ताट मांडले. पण सूनच म्हणाली,

"फादर, मला काळीज आवडतच नाही."

"कधी खाल्ले होते तुम्ही?"

"लहानपणी एकदा. दगडासारखं होतं. इथं आल्यापासून रस्साच खाते."

हे ऐकल्यावर माझा मीच गप्प बसणे शक्य नव्हते. थोडे काळीज अजून कच्चे शिल्लक होते. मी परवानगी मागून तवा चढविला, खालांचे स्मरण केले, लसूण टाकला, मिरपूड टाकली, मोठ्या आचेवर पाच-सात मिनिटांत तुकडे उतरविले. तिन्ही मुले दारात गर्दी करून पाहत होती. सुनेने एक तुकडा तोंडात घातला, नंतर दुसरा घेतला, आणि तिसऱ्या वेळी बशीच आपल्याकडे ओढून घेतली. आजींनीही एक उचलून चाखला.

"फादर," त्या म्हणाल्या, "मऊ झालंय. पण मीठ घालायचं राहिलं."